आल्बर्टने काढलेला कोनाडा

आल्बर्ट तुस्कानो कुणालाच नाही म्हणायचा नाही, आणि याच गोष्टीचा मला राग यायचा. ऑफिसात कुणाचंही काम अडलं की ते आल्बर्टच्या टेबलावर. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी यायचंय? येतो. चौथ्यांदा प्लॅन बदलायचाय? बदलतो. मी त्याला म्हणायचो, "अरे, देवाने तोंड दिलंय ते फक्त मासे खायला नाही." तो हसायचा आणि पेन्सिलला टोक काढायला लागायचा.

दोह्यातल्या एका छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात तो ड्राफ्ट्समन, मी साइट सुपरवायझर. मी, इनायत, रत्नागिरीजवळच्या फणसोपचा. तो वसईतल्या गासचा. दोघेही समुद्रकाठचे, म्हणून दुपारचा डबा एकत्र. फरक एवढाच की माझा डबा माझी बायको ताहेरुन्निसा भरून द्यायची आणि त्याचा तो स्वतः. माझं कुटुंब माझ्याजवळ होतं, मुलगी उजमा इथल्याच इंग्लिश शाळेत होती. आल्बर्टची बायको जेन आणि मुलगी कॅरिना वसईला. मदिनत खलीफातल्या एका व्हिलाचे पार्टिशन घालून तुकडे केले होते, त्यातल्या एका तुकड्यात तो आणखी दोघांबरोबर राहायचा. अकरा माणसांत एक किचन, आणि त्या किचनमध्ये प्रत्येकाला एक फळी. आल्बर्टच्या फळीवर मीठ, तेल, घरून आलेला मसाला आणि या सगळ्याच्या मधोमध येशूच्या आईची, मारियेची तसबीर. तिच्या फ्रेमच्या कडेला जेन-कॅरिनाचा फोटो खोचलेला. त्याचं सगळं घर त्या दीड हाताच्या फळीवर मावत होतं.

लग्नाला नऊ वर्षं झालेली. दोन वर्षांनी एक महिना असा हिशेब केला तर नवरा-बायको म्हणून पाच महिनेसुद्धा एकत्र राहिले नव्हते.

एक सवय मात्र त्याची विचित्र होती. २००२ साली आमच्याकडे कॉम्प्युटर आले होते, पण किचनचे बारीक तपशील तो अजून ट्रेसिंगवर हातानेच काढायचा. कुठलंही किचन काढायला घेतलं की सगळ्यात आधी चुलीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने एक छोटा कोनाडा काढायचा. मग ओटा, सिंक, खिडकी, कपाटं. शेवटी शाईचं पेन फिरवायच्या आधी तो कोनाडा खोडून टाकायचा. आमच्या ऑफिसच्या प्रत्येक किचनच्या ड्रॉइंगवर त्या जागी रबराचा पुसट डाग असायचा. एकदा मी विचारलंच, "हे काय खूळ?"

"आमच्या घरी तिथे आल्तार होता, आमचं देवघर," तो म्हणाला. "म्हणजे आधी बाहेरच्या खोलीत होता. एका पावसाळ्यात ती खोली गळायला लागली, म्हणून आईने देवाला चुलीजवळ आणलं. नंतर छप्पर नीट केलं, पण आई म्हणाली, आता राहू दे, त्याला इथली सवय झाली. तो कोनाडा काढला की मला मापं सुचतात. किचनमध्ये बाई कुठे उभी राहते, ते कळतं."

"आणि मग खोडतोस?"

"दुसऱ्याचं घर असतं ना."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी अबू नासेरचं काम आलं. हा निवृत्त शिक्षक, आमच्या ऑफिसच्या मालकाचा लांबचा नातलग. तरुणपणी इटलीत शिकून आलेला. त्याला मधे चौक आणि चौकाभोवती खोल्या असं रोमन घर हवं होतं, आणि त्यासाठी त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून आल्बर्टच्या टेबलावर ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली पॉम्पेईची घरं त्यात मापांसकट होती.

आल्बर्ट त्या पुस्तकाने झपाटला. डबा खाताना मला सांगत बसायचा. रोमन लोकांच्या घरात राखणदार देव असायचे, लहान लहान. श्रीमंतांकडे दर्शनी चौकात सुबक देवघर असे, पाहुण्यांना दिसावं म्हणून. पण कितीतरी घरांत दुसरं एक स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात. खाली रंगवलेले साप, समोर दिवा, आणि जेवणातला थोडा घास विस्तवात टाकायचा तो त्यांच्यासाठी.

"आणि ते स्वयंपाकघर कसलं, इनायतभाय! अंधारी खोली, धूर, संडास बाजूलाच. मालक तिथे पाऊल टाकायचा नाही. गुलाम राबायचे. पण देव त्यांच्यात राहायचा बघ. बाहेरचा देव दाखवायला, आतला जेवायला."

"तुझा मुकादम दिसतोय तो देव," मी म्हणालो.

तेवढ्यात माझ्या हातून माशाची तुकडी खाली पडली. मी ती कचऱ्यात टाकायला उचलली, तर त्याने माझा हात धरला. "त्यांच्यात पडलेलं टाकत नसत. उचलून परत ताटात ठेवायचे, मग त्या देवापुढे विस्तवात द्यायचे. पडलं ते घराचं. आमची आईसुद्धा पडलेला घास उचलून आल्तारापुढे ठेवते, मग कोंबड्यांना घालते. तिने कुठे वाचलंय पुस्तक?" असं म्हणून त्याने ती तुकडी कागदावर काढली आणि खिडकीबाहेर मांजरीला ठेवली. मी म्हटलं, याला आता घरी पाठवायला हवं, याचं डोकं फिरलंय. थट्टेत म्हटलं होतं.

खरं तर तो घरी जाणार नव्हता, घरच इकडे येणार होतं. कंपनीने फॅमिली व्हिसाचं पत्र द्यायचं कबूल केलं होतं. मदिनत खलीफातच दोन खोल्या आणि स्वतंत्र किचन त्याने पाहून ठेवलं होतं, जानेवारीपासून. त्या किचनचाही प्लॅन त्याने काढला होता, आणि त्यात चुलीशेजारचा कोनाडा शाईने काढला होता. तो कागद घडी करून तो खिशात बाळगायचा. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला एवढा खुशीत पाहिला नव्हता.

अबू नासेरच्या घराचं ड्रॉइंग त्याने त्याच दिवसांत पुरं केलं. इंजिनिअरने न बघता सही ठोकली, मीही ठोकली. काम उभं राहिलं. ऑक्टोबरात एका गुरुवारी मी साइटवर गेलो, तर बीडचा गवंडी जालिंदर किचनच्या भिंतीला गिलावा करत होता. चाळिशी उलटलेला, अबोल माणूस. त्या दिवशी मात्र स्वतःशी गुणगुणत होता. भिंतीत एक कमानीचा कोनाडा, दोन्ही बाजूंना अर्धे खांब, आणि त्या खांबांच्या कडा तो बोटाने गुळगुळीत करत होता.

"हे काय रे?"

"देव्हारा हाय की सायेब," जालिंदर म्हणाला. "ड्रॉइंगमंदी हाय. म्या म्हनलं, अरबाच्या घरात देव्हारा कसा? पर काम आवडलं बगा."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. ड्रॉइंग उघडून पाहिलं. त्या जागी रबराचा डाग नव्हता, शाई होती. मापांसकट. खाली माझी सही.

मी तडक ऑफिसात गेलो आणि आल्बर्टसमोर कागद आपटला. "मुसलमानाच्या घरात मूर्तीचा कोनाडा? तुला काय वेडबिड लागलंय का?"

तो कागदाकडे बघत राहिला. "पुस्तकात त्याच भिंतीवर होता, इनायतभाय," तो हळूच म्हणाला. "माझा आणि त्यांचा एकाच जागी आला. मला वाटलं, या खेपेला खोडायचा नाही."

"शनिवारी सकाळी मी तो बुजवून टाकतो. एक ब्लॉक आणि पाटीभर माल. खलास. कुणाला कळणार नाही."

"बुजव," तो म्हणाला. त्याने नाही म्हटलं नाही. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा होती.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण मी घरी गेलो आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. जालिंदर कुणाला बोलला तर? अबू नासेर उद्याच साइटवर आला तर? सही माझी आहे. व्हिसा रद्द झाला तर ताहेरुन्निसा, उजमा, उजमाची शाळा? संध्याकाळच्या नमाजानंतर मी मॅनेजरच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं, की चूक ड्राफ्ट्समनची आहे, माझ्या लक्षात आली, मी दुरुस्त करतोय. मॅनेजर म्हणाला, लिहून दे. मी लिहून दिलं. इंग्रजीत, आठ ओळी. खाली सही केली. ड्रॉइंगवर न बघता केली होती, इथे नीट बघून केली.

शनिवारी सकाळी जालिंदरने माल कालवला, ब्लॉक उचलला आणि दारात गाडी थांबली. अबू नासेर, आणि त्याच्या हाताला धरून त्याची आई, उम्म अली. ऐंशीच्या पुढची बाई, काळ्या अबायात, कमरेत वाकलेली. चौक वगैरे काही न बघता ती थेट किचनमध्ये आली. जालिंदर ब्लॉक हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा राहिला.

म्हातारीने कोनाडा पाहिला. पुढे झाली, कच्च्या गिलाव्याची पर्वा न करता आत हात घातला आणि तळव्याने तळ चाचपला. मग अरबीत भरभर बोलायला लागली. मला अर्धंच कळलं. अबू नासेरने समजावून सांगितलं. ती मूळची उत्तरेची, शमालकडची. तिच्या बापाच्या घरात चुलीजवळच्या भिंतीत असाच एक खोलगा होता. रोजना म्हणायचे त्याला. आत दिवा असायचा, आईची सुई-दोऱ्याची डबी असायची, आणि बाप मोती काढायला समुद्रावर गेला की त्याच्या वाटणीचं जेवण तिथे झाकून ठेवायचे, तो महिनोन्महिने येणार नाही हे ठाऊक असूनसुद्धा.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, त्या पुस्तकात हा..."

"पुस्तक माझंच आहे," अबू नासेर हसून म्हणाला. "मला ठाऊक आहे रोमन लोक इथे काय ठेवायचे. आम्ही इथे दिवा ठेवू. भिंतीचा काय दोष?" म्हातारीने जालिंदरच्या हातातल्या ब्लॉककडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "खल्लीह." राहू दे.

सुंठेवाचून खोकला गेला, असं म्हणत मी ऑफिसला पळालो. मॅनेजरला म्हटलं, घरमालक खूश आहे, ते पत्र फाडून टाका. मॅनेजरने पत्र फाडलं नाही. त्याने सकाळीच मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं होतं. आल्बर्टचं फॅमिली व्हिसाचं पत्र मागे घेतलं होतं, आणि डिसेंबरात संपणारा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरलंही होतं. "आज हा मालक खूश आहे," तो म्हणाला, "उद्याचा नसेल. असा माणूस मी ठेवू शकत नाही." मी अर्धा तास बोललो. पाया पडायचा तेवढा राहिलो. पण माझं नाव मात्र आल्बर्टला कळू देऊ नका, हेही मी त्याच अर्ध्या तासात म्हणालो.

घरी ताहेरुन्निसाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "तुमी त्याच्या चुलीत पानी ओतलांव," ती म्हणाली. "आनि आपली पेटती ठेवलांव. जेवा आता." पोळ्या गरम होत्या. मला एक घास गिळवला नाही.

आल्बर्ट कुणाशी भांडला नाही. त्याने फक्त त्या दोन खोल्यांच्या मालकाला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्या माहितीत त्याने कुणाला नाही म्हटलं ते तेवढंच.

जायच्या आधीच्या शुक्रवारी त्याने मला दुपारी जेवायला बोलावलं. तेव्हा दोह्यात चर्च नव्हतं. कुणाच्या तरी घरी मिसा व्हायची, ती करून तो आला होता. अकरा माणसांच्या त्या किचनमध्ये त्या दिवशी आम्ही दोघेच होतो. त्याने हामूर माशाचं कालवण केलं होतं, त्याच्या आईच्या पद्धतीचं, आणि भात. बॅग भरलेली होती, पण फळी अजून तशीच होती. मारियेची तसबीर, फोटो, मीठ.

मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. पहिला घास घेतला तर तुकडी बोटांतून निसटून जमिनीवर पडली. आल्बर्ट वाकला, त्याने ती उचलली, फुंकर मारली आणि फळीवर तसबिरीपुढे एका बशीत ठेवली. मग माझ्या ताटात दुसरी, मोठी तुकडी वाढली.

"आल्बर्ट," मी म्हणालो, "मला तुला काहीतरी..."

"जेव रे आधी," तो म्हणाला. "कालवण गार झालं की मजा नाही."

मी जेवलो. पोटभर जेवलो, आणि न सांगता घरी आलो. सोमवारी त्याला विमानतळावर सोडायलाही मी गेलो नाही, साइटवर काम आहे म्हणालो. काम नव्हतं.

अबू नासेरचं घर पुरं झालं. दर रमजानच्या तोंडावर तो मला नळ, गटार, गिझर बघायला बोलवायचा. पहिल्याच वर्षी उम्म अलीने विचारलं, हा कोनाडा ज्याने काढला तो माणूस कुठे आहे? त्याला आणा, माझ्या हातचं खाऊ दे. मी म्हटलं, सुट्टीवर गेलाय. कधी येईल? इन्शाल्ला, रमजाननंतर. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. म्हातारीने कधी शंका घेतली नाही. मी इन्शाल्ला म्हणायचो आणि नळाखाली डोकं घालायचो.

२००८ च्या रमजानात मी गेलो, तेव्हा उम्म अली राहिली नव्हती. उन्हाळ्यात गेली होती. दुपार टळत होती, किचनमध्ये इफ्तारची तयारी चालली होती. कोनाड्यात तिचा दिवा होता, चष्मा होता, आणि दिव्यापुढे एक झाकलेली ताटली.

"हरीस आहे," अबू नासेर म्हणाला. गहू आणि मटण घोटून केलेला तो पदार्थ मला ठाऊक होता. "आई रमजानात रोज पहिली ताटली काढून इथे ठेवायची. तुमच्या त्या माणसासाठी. अजान होईपर्यंत वाट बघायची, तो आला नाही की ड्रायव्हरबरोबर मशिदीपाशी बसलेल्या मजुरांना पाठवायची. पाच रमजान. मी म्हणायचो, अगं, तो काय आज येणार आहे? ती म्हणायची, सुट्टीवर गेलेला माणूस परत येतो. जाताना मला सांगून गेली की हे बंद करू नकोस." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "कधी येतोय तो?"

मी हातातला पाना ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की सांगायची वेळ आली तर शब्द जुळवावे लागतील. काहीच जुळवावं लागलं नाही. "तो सुट्टीवर गेला नाही," मी म्हणालो. "त्याची नोकरी गेली. या कोनाड्यापायी. मी लिहून दिलं होतं त्याच्याविरुद्ध. त्याची बायको-मुलगी इकडे यायची होती, ती आली नाही. तुमच्या आईशी मी पाच वर्षं खोटं बोललो."

मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच असंही वाटलं. अबू नासेरने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. "त्याला सांग," तो म्हणाला. "मला सांगून काय उपयोग?"

गासचा नंबर मला पाठ होता. सहा वर्षांत एकदाही लावला नव्हता, तरी पाठ होता. फोन एका मुलीने उचलला, कॅरिनाच असणार. तिने ओरडून हाक मारली, "पप्पा, दोह्याहून!" मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"इनायतभाय?" आल्बर्ट म्हणाला. "अरे, कोनाडा आहे का अजून?"

"आहे. दिवा आहे आत." थांबलो असतो तर परत कधी बोललो नसतो. "आल्बर्ट, मॅनेजरला मी सांगितलं होतं. लिहून मी दिलं होतं."

पलीकडे त्याने कुणाला तरी भांड्यांचा आवाज थांबवायला सांगितलं.

"ते पत्र त्याच्या टेबलावर उघडं होतं," आल्बर्ट म्हणाला. "मी समोर उभा होतो. ड्राफ्ट्समनला उलटं वाचता येतं रे. तुझी सही तर मी रोजच बघायचो."

"म्हणजे तुला तेव्हापासून..."

"म्हणून तर त्या शुक्रवारी तुला जेवायला बोलावलं होतं."

बाहेर मशिदीत अजान सुरू झाली. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो. अबू नासेरने कोनाड्यातली ताटली काढली, वरचं झाकण काढलं आणि माझ्यापुढे ठेवली.